वाफा, आड आणि सभा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक सभा झाली. ‘आपली भाजी आपण पिकवू’ असा फलक जिन्याच्या तोंडाशी लावला होता. चाळीसेक माणसं आली. एका ताईंनी जुन्या बादलीत, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा घालून केलेल्या मातीत वांग्याचं रोप कसं लावायचं, ते करून दाखवलं. सगळ्यांना मेथीच्या बियांची एकेक पुडी मिळाली. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक, म्हणून मला म्हणाले, ‘सर, तुम्ही दोन शब्द बोला.’ दोन शब्दांत मावणारा विषय नव्हता, म्हणून तिथे मी थोडक्यात आटोपलं. राहिलेलं आज तुमच्यापुढे ठेवतो.

अशी सभा मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होतो. पहिली पाहिली ती १९६५ साली. मी तेव्हा चौथीत होतो. कऱ्हाडच्या बाजूचं आमचं गाव, आणि दिवाळी नुकतीच झालेली. त्या सभेकडे मी नंतर येईन, कारण तिथे ऐकलेला एक प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याआधी थोडं लांबून, म्हणजे थेट इंग्लंडहून सुरुवात करायला हवी. लोकांना एकत्र बोलावून ‘पिकवा आणि खा’ असं सांगण्याची मोहीम सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर आणि सगळ्यांत नेटाने चालली, ती तिथे.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा ब्रिटन आपल्या अन्नापैकी निम्म्याहून बरंच अधिक अन्न बाहेरून आणत होता. गहू कॅनडाहून, मांस अर्जेंटिनाहून, लोणी न्यूझीलंडहून. जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला सुरुवात केली, की हा सगळा पुरवठा तुटणार हे उघड होतं. पहिल्या महायुद्धात त्याचा अनुभव येऊन गेला होता. तेव्हा राजा पाचवा जॉर्ज याने बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकाभोवतीची फुलझाडं काढून तिथे भाजी लावायला सांगितलं होतं. त्यामुळे या वेळी सरकारने वाट पाहिली नाही. ऑक्टोबर १९३९ मध्येच मोहीम जाहीर झाली. तिचं नाव पुढे पडलं ‘डिग फॉर व्हिक्टरी’, म्हणजे विजयासाठी खणा. कुदळीसारख्या फावड्यावर दाबलेला एक बूट, एवढंच चित्र असलेलं तिचं भित्तिपत्रक आजही जुन्या पुस्तकांत दिसतं.

इंग्लंडातल्या साध्या माणसाकडे जमीन कुठली, असं तुम्ही विचाराल. तिथे एक जुनी सोय होती. गावोगावची सामाईक कुरणं जमीनदारांनी कुंपणं घालून बळकावली, तेव्हा भूमिहीन झालेल्या मजुरांना भाजीपाल्यापुरते तुकडे देण्याची पद्धत पडली. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे असे तुकडे उपलब्ध करून देणं हे स्थानिक परिषदांचं कर्तव्यच ठरलं. याला ते ‘अलॉटमेंट’ म्हणतात. एका तुकड्याचं ठरीव माप नव्वद फूट लांब आणि तीस फूट रुंद. आपल्या हिशेबात हे अडीच गुंठे होतात. भाडं नाममात्र. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने आणखी एक हुकूम काढला आणि रिकाम्या पडलेल्या जागा ताब्यात घेऊन लोकांना कसायला देण्याचा अधिकार परिषदांना दिला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याचा संबंध येणार आहे: तिथे घोषणेच्या पाठोपाठ लगेच जागा आली.

मग सुरू झाल्या सभा. चर्चच्या सभागृहात, शाळेत, कारखान्याच्या कँटीनमध्ये. लंडनच्या हाइड पार्कसारख्या बागांमध्ये नमुन्याचे वाफे तयार केले. रविवारी लोक सहकुटुंब तिथे येत आणि कोबी किती अंतरावर लावला आहे ते पाहून जात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९४१ मध्ये केवळ छायाचित्रांवरून भाजी लावायला शिकवणारं पुस्तक काढलं. आयुष्यात कधी हातात खुरपं न धरलेला बँकेतला कारकून त्यात पाहून बटाट्याचा चर काढायला शिकत होता. हिरवळ नव्याने खणली, की जमिनीतल्या अळ्या बटाटा पोखरून टाकत. गोगलगायी कोवळी रोपं खाऊन जात. तयार झालेला कोबी रात्रीतून चोरीला जाई. सभांमधून विचारलेले प्रश्न असेच असत, अगदी आपल्या गच्चीवर विचारले तसे.

आणि या मोहिमेचा खरा पुढारी कोणी मंत्री नव्हता. तो होता रेडिओवर बोलणारा एक माळी. सी. एच. मिडल्टन त्याचं नाव. नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या एका मोठ्या घराण्याच्या बागेतल्या मुख्य माळ्याचा हा मुलगा. बीबीसीवर तो १९३१ पासून बागकामावर बोलत असे. युद्धाच्या काळात रविवारी दुपारी, जेवणं आटोपत आली असताना, त्याचं भाषण लागे आणि सुमारे पस्तीस लाख लोक ते ऐकत. त्याचा सूर शेजाऱ्याने कुंपणावरून बोलावं तसा होता. गुलाब आणि हिरवळ हे त्याच्या आवडीचे विषय. ते बाजूला ठेवून कांदा, गाजर आणि कोबी यांवर बोलावं लागतंय याची हळहळही तो लपवत नसे. मला वाटतं, लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला तो त्यामुळेच. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये, युद्ध संपून महिना होतो न होतो तोच, तो वारला.

कांद्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण कांदा महागला की काय होतं हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. इंग्लंडात कांदा येई तो मुख्यतः फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून आणि चॅनेल बेटांतून. १९४० च्या उन्हाळ्यात हे दोन्ही भाग जर्मनांच्या हाती गेले आणि बाजारातून कांदा जवळपास नाहीसा झाला. कचेऱ्यांमधून एकेका कांद्यासाठी सोडती निघू लागल्या. बक्षीस काय, तर एक कांदा! परसात कांदा लावण्यासाठी यापेक्षा मोठा उपदेश कोण करणार?

लंडनच्या किल्ल्याभोवतीच्या खंदकात भाजी पिकली. बेथ्नल ग्रीन या कामगार वस्तीत बाँबने उद्ध्वस्त झालेल्या घरांच्या जागी मुलांनी विटांचे तुकडे वेचून वाफे केले. १९३९ मध्ये आठ लाखांच्या आसपास असलेले अलॉटमेंटचे तुकडे चौदा लाखांच्या घरात गेले. चूकही एक सुरुवातीला सगळीकडे झाली, आणि ती आपल्याकडेही होते. उन्हाळ्यात प्रत्येकाकडे लेट्यूस आणि घेवड्याचा ढीग, आणि हिवाळ्यात वाफा रिकामा. म्हणून कृषी खात्याच्या पहिल्या पत्रकात बारा महिन्यांचं वेळापत्रक दिलं होतं: कुठल्या ओळीत काय निघालं की मागोमाग काय लावायचं. आमच्या आजीला हे कोणी छापून दिलं नव्हतं, पण पडवळ उतरला की त्या मांडवाखाली काय येणार, हे तिच्या डोक्यात पक्कं असे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या परसबागांनी ब्रिटन जगवला, असं जे पुष्कळदा लिहिलं जातं, ते पुरतं खरं नाही. देश जगला तो लाखो एकर गवताळ कुरणं नांगरून केलेल्या गव्हावर आणि बटाट्यावर, अटलांटिक ओलांडून येत राहिलेल्या जहाजांवर आणि जानेवारी १९४० पासून लागू झालेल्या रेशनवर. संपूर्ण युद्धात तिथे पावावर रेशन नव्हतं. ते आलं युद्ध संपल्यावर, १९४६ च्या जुलैत. म्हणजे अडीच गुंठे कसणाऱ्या माणसाचं पोट त्या अडीच गुंठ्यांवर टांगलेलं नव्हतं. त्याला मिळालं ते ताज्या भाजीचं जीवनसत्त्व, थोडी बचत आणि आपणही काही करतो आहोत हे समाधान. हे थोडं नाही. पण पिठाची सोय आधी झालेली होती, हे विसरून चालणार नाही.

हे विसरलं की काय होतं, ते त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला दिसलं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ हिंदुस्थानात यायचा थांबला. एप्रिलमध्ये दिल्लीत परिषद भरली आणि ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. घोषणा साधारण तीच, भित्तिपत्रकं तशीच. मुंबई इलाख्यात नगदी पिकांखालची जमीन धान्याखाली आणण्यावर भर होता. जपानचं गिऱ्हाईक गेल्याने आखूड धाग्याच्या कापसाला तसाही उठाव नव्हता. मे १९४३ पासून मुंबई शहरात रेशन सुरू झालं, आणि रांगा लागल्या तरी शहर निभावलं.

बंगालमध्ये तसं झालं नाही. जपानी येतील या भीतीने सरकारने किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतून होड्या आणि तांदूळ काढून घेतला होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपलं. लष्करासाठी आणि कलकत्त्यासाठी खरेदी चालूच राहिली, भाव भडकले, साठेबाजांनी हात धुऊन घेतले. पहिले मेले ते शेतमजूर, कोळी, नावाडी, कारागीर. ज्यांच्याकडे ना जमीन, ना वाढत्या भावात घेण्याइतका पैसा, ती माणसं. चौकशी आयोगाने १९४५ मध्ये पंधरा लाखांचा आकडा दिला. पुढच्या अभ्यासकांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास जातो. अमर्त्य सेन यांनी लहानपणी हा दुष्काळ पाहिला होता. धान्य किती पिकलं यापेक्षा ते कोणाच्या हाती पोचलं हा प्रश्न त्यांनी पुढे मांडला, त्याचं मूळ इथे आहे. ज्याची होडीच काढून घेतली, त्याला अधिक पिकवा म्हणून काय सांगणार?

गांधीजींनी १९४६ च्या सुरुवातीला, पुन्हा टंचाई आली तेव्हा, ‘हरिजन’मध्ये काही सूचना केल्या होत्या. बागांमधल्या फुलांच्या जागी खाण्याची पिकं घ्यावीत, ही त्यातली एक. ती सगळ्यांच्या लक्षात राहते. तिच्याबरोबर त्यांनी पाण्यासाठी खोल विहिरी खणण्याचंही सुचवलं होतं. ते मात्र कोणी फारसं सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर मोहीम चालूच राहिली. १९५२ मध्ये व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीने तिची तपासणी केली. मोहीम सरकारी खात्यांपुरती राहिली, गावाच्या एकूण जीवनाला ती भिडली नाही, असा तिचा सारांश होता. त्यातूनच गटविकास अधिकारी, ग्रामसेवक ही सगळी व्यवस्था देशभर उभी राहिली. आणि तीच व्यवस्था १९६५ मध्ये आमच्या गावात सभा घ्यायला आली.

१९६५ चं साल कसं होतं, हे आज सांगून खरं वाटणार नाही. पाऊस गेलेला, पाकिस्तानशी युद्ध झालेलं. आधल्या वर्षी देशात आठ कोटी नव्वद लाख टन धान्य पिकलं होतं. त्या वर्षी ते सात कोटी वीस लाखांवर आलं. अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर आणि लाल मिलोवर गावं जगत होती. मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांना तो वास आजही आठवत असेल. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ, सोमवारी संध्याकाळी, जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि दिल्लीतल्या आपल्या बंगल्याची हिरवळ नांगरून तिथे पीक घेतलं. आमच्या घरात सोमवारी चूल पेटत नसे. आजी म्हणायची, ‘महादेवाचा वार आहेच, त्यात शास्त्रीबुवांचाही.’ इकडे मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी पुण्याच्या जाहीर सभेत सांगितलं होतं की, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही, तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या. त्यांचा भरवसा होता तो संकरित ज्वारीवर, परसबागेवर नव्हे. पण वारा सगळीकडे पिकवण्याचाच होता.

तर आमची सभा. पारावर सतरंजी टाकली होती. पुढे सरपंच, गुरुजी, आमचे आजोबा आणि तालुक्याहून आलेले साहेब. मागे आम्ही पोरं. एका बाजूला, सतरंजी सोडून, जमिनीवर वस्तीतले लोक. साहेब चांगलं बोलले. दारापुढे दोन हात जागा असेल तरी चार वांगी, दोन टोमॅटो, एक शेवगा लावा म्हणाले. न्हाणीचं पाणी वाया घालवू नका, अळवाला सोडा म्हणाले. आमच्या परसात हे सगळं होतंच: न्हाणीमागे अळू, कुडावर घोसाळी, गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल. आजोबा मान डोलवत होते.

साहेबांनी विचारलं, ‘कोणाला काही शंका?’ वस्तीतली एक म्हातारी उठली. आम्ही पोरं तिला आत्या म्हणत असू. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, ‘सायेब, बी द्या, लावते की. पर पानी कुटलं घालू? आडावर आमाला पोहरा टाकू देत्यात का, तेवढं आदी इचारा.’

कोणी काही बोललं नाही. पारावरची पानं वाजत होती तेवढाच आवाज. साहेबांनी सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी आमच्या आजोबांकडे पाहिलं. कारण तो आड आमचा होता. वस्तीतल्या बायका तिथे घागरी घेऊन उभ्या राहत आणि कोणी वाढलं तर पाणी नेत. आजोबा जमिनीकडे बघत राहिले. शेवटी सरपंच म्हणाले, ‘ते पुढं बघू.’ मग गुरुजींनी जयजयकार केला, आणि बियांच्या पुड्या वाटल्या. आत्यानेही एक पुडी घेतली.

शाळेमागच्या जागेत आम्ही मुलांनी वाफे केले. मेथी आली, मुळे आले, टोमॅटोला फुलं धरली. जानेवारीत ताश्कंदहून शास्त्रीजींच्या निधनाची बातमी आली, शाळेला सुट्टी मिळाली, आणि त्या आठवड्यात वाफ्यांना पाणी घालायचं सगळे विसरले. मी एकदा पोहरा घेऊन गेलो, तर वाटेत आत्याचं घर लागलं. दारात मातीचा छोटासा आळा केलेला होता आणि त्यात काही उगवलेलं नव्हतं. मी पाणी ओतलं नाही. का नाही ओतलं, याचं उत्तर दहा वर्षांच्या मुलाकडे नव्हतं आणि आजही मला ते नीट देता येत नाही. घरी जाऊन मी आजोबांना काही विचारलंही नाही. आड सगळ्यांना खुला झाला तो १९७२ च्या दुष्काळात, आणि तोही आटल्यावर. तेव्हा टँकर यायचा, त्यापुढे सगळ्यांच्याच घागरी एका ओळीत लागल्या. आत्या तोवर नव्हती.

याच काळात कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोलकर नावाचे गणिताचे प्राध्यापक वेगळ्या वाटेने चालले होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ते शिकवत. त्यांचा ‘प्रयोग परिवार’ म्हणजे शेतकऱ्यांनी एकत्र जमून आपापल्या रानात काय केलं, काय फसलं, ते एकमेकांना सांगायचं. तिथे वरून आलेला साहेब नसे. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी त्यातून पुष्कळ घेतलं. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, असा त्यांचा हिशेब होता. ऊन किती पडतं, पानं किती, पाणी किती, हे सगळं त्यात मोजलेलं असे. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक आजही वाचण्यासारखं आहे. दहा गुंठ्यांचा दावा सगळ्याच जमिनींना लागू पडेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्या हिशेबात पाण्याची रोजची बादली मोजलेली असते, म्हणून मी त्यांना मानतो.

परत गच्चीवर येतो. माझी दोन शब्दांची कामगिरी झाल्यावर चहा झाला. खाली उतरलो तर आमच्या वॉचमनची बायको कंपाउंडच्या भिंतीशी काहीतरी करत होती. मागच्या वर्षी तिने तिथे दुधीचा वेल चढवला होता. ‘भिंतीचा रंग जातो’ म्हणून समितीने तो काढायला लावला. त्या समितीत मीही होतो आणि सही करताना फार विचार केला नव्हता. मी तिला म्हटलं, ‘वर बिया वाटल्या, तुम्ही का आला नाहीत?’ ती म्हणाली, ‘काका, आम्हाला कोण बोलावलं? आणि बागेच्या नळाला तर कुलूप आहे.’

माझ्या खिशात मेथीची पुडी होती, ती मी तिला दिली. सेक्रेटरींना त्याच संध्याकाळी भेटून सांगितलं, की नळाच्या कुलपाची एक किल्ली तिच्याकडे राहू द्या आणि भिंतीकडेची चार हात पट्टी तिच्या नावाने लिहून द्या. ते म्हणाले, ‘सर, बघू.’ पुढची सभा येत्या रविवारी आहे. विषयपत्रिका मीच लिहून दिली आहे, आणि या वेळी पहिला विषय बियांचा नाही.